एका नोटिशीच्या दुरुस्त्या

भाडं थकलं की माणसाने घरात कसं चालावं, याचं एक शास्त्र आहे. ते पुस्तकात मिळत नाही. मिळालं असतं तर वेलांटीकाकांनी आधी त्यातल्या छपाईच्या चुका काढल्या असत्या. टाच टेकवायची नाही. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. शिंक आली तर उशीत द्यायची. कारण काकांच्या दोन खोल्यांच्या बरोबर खाली घरमालक तात्यांचं कड्या-कुलपांचं दुकान होतं आणि दुकानामागे तात्यांची राहायची खोली. आपण घरात आहोत हे कळलं की तात्या वर येणार, वर आले की भाडं मागणार, अशी काकांची भीती.

"अहो, भाडं थकलंय, पाय नाही थकलेत," काकू म्हणाल्या. "नीट चाला. काल तुम्हाला असं चवड्यांवर येताना बघून मीच किंचाळले."

खरं सांगायचं तर तात्यांनी इतक्या वर्षांत एकदाही वर येऊन भाडं मागितलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. महिना लागला की काका स्वतः खाली जायचे, नोटा सरळ एका बाजूला तोंड करून लावलेल्या असायच्या, आणि तात्या त्या न मोजता गल्ल्यात कोंबायचे. काकांना त्याचं वाईट वाटायचं. मोजू नका, पण निदान नीट तरी ठेवा की हो!

काका मुद्रितशोधक. म्हणजे छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढणं हा त्यांचा धंदा, आणि न छापलेल्या मजकुरातल्या काढणं हा स्वभाव. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने पाटीवर 'दाढी' ऱ्हस्व लिहिली, तर काकांनी वर्षभर त्याच्याकडे पाऊल टाकलं नाही. गल्लीने त्यांना वेलांटीकाका म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून. पण पुढे छापखान्याने संगणक घेतला. तो म्हणे चुका आपोआप दुरुस्त करतो. काकांनी एकदा वाकून पाहिलं, तर तो बऱ्याच चुका आपोआप करतही होता. पण पगार मागत नव्हता, त्यामुळे त्याला कुणी बोललं नाही. काकांचं काम आधी अर्धं झालं, मग पाव, मग 'कळवतो' झालं. आणि इकडे भाडं तुंबत गेलं.

काकूंना याचं खरं भय वाटत होतं. त्या एरवी कशाला घाबरणाऱ्यातल्या नव्हेत. पण एका दुपारी गॅलरीतल्या टेबलावरची धूळ पुसता पुसता त्या एकदम म्हणाल्या, "या घरात मी म्हातारी झाले हो. दुसरीकडे गेलो तर तिथे मला पुन्हा पहिल्यापासून व्हावं लागेल." काकांनी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं. बोलायला गेले असते, तर उच्चार बिघडले असते.

अशात एका सकाळी तात्या वर आले.

काका दाराआड उभे राहून श्वास रोखून धरत होते, पण काकूंनी सरळ दार उघडलं आणि चहा टाकला. तात्या बसले. गुडघेदुखीवर बोलले. उकाड्यावर बोलले. हल्ली दारं कारखान्यातून बिजागऱ्यांसकटच येतात, मग बिजागरी घेतो कोण, यावर बोलले. भाड्याचं नाव नाही. शेवटी "बरंय, येतो" म्हणून उठले आणि जिन्यावरून जवळजवळ पळतच खाली गेले. काकूंनी कपबशी उचलली, तर बशीखाली चौकोनी घडी केलेला कागद. नोटीस!

काका खाली बसले, चष्मा लावला, आणि पहिली ओळ वाचताच त्यांचे कान तापले.

"अगं, हे बघ! 'तूम्हास कळवीण्यात येते की'! 'तूम्हास'मध्ये उकार दीर्घ! 'कळवीण्यात'ला दुसरी वेलांटी! आणि हे 'भाडेकरु', इथे जिथे दीर्घ पाहिजे तिथे नेमका ऱ्हस्व!"

"अहो, पण लिहिलंय काय?"

"काय लिहिलंय हे कळेल असं लिहिलंय कुठे? 'घर खाली करावे' म्हणे. वरच्या मजल्यावरचं घर खाली कसं करणार? 'रिकामे करावे' म्हणावं!"

पुढचा मजकूर तर कहर होता. मालक आणि भाडेकरू हे शब्द जागोजाग उलटे पडले होते, वरच्या मजल्याऐवजी तळमजला लिहिला होता, आणि तारीख-सही दोन्ही गायब. शब्दशः अर्थ काढला, तर तात्यांनी स्वतःलाच तळमजला सोडून जायला सांगितलं होतं आणि थकलेलं भाडं स्वतःच स्वतःला देण्याची ताकीद दिली होती.

इथे शहाण्या माणसाने कागद घडी करून कपाटात ठेवला असता. पण दारुड्यापुढे बाटली आणि वेलांटीकाकांपुढे चुकलेला मजकूर, दोन्ही सारखंच. त्यांनी लाल पेन काढलं. दुपारपर्यंत नोटीस लालेलाल झाली. समासात मोठ्या, रेखीव अक्षरात सूचना होत्या: 'येथे मालक असे हवे', 'वरचा मजला लिहावे', 'तारीख घालावी', 'सही राहिली आहे'. शेवटी सवयीने 'एकदा दुरुस्त प्रत पाहण्यास पाठवावी' असं लिहून काकांनी तो कागद दुपारी बंद असलेल्या दुकानाच्या दाराखालून आत सरकवला. वर येताना ते टाचा टेकवत आले. कितीतरी दिवसांनी एक काम हातावेगळं केलं होतं.

आठवडाभरात दुरुस्त प्रत आली. काका ती हातात घेऊन स्वयंपाकघरात धावले. "सगळ्या दुरुस्त्या घेतल्यात बरं का! एकही सोडली नाही. अशी माणसं हल्ली राहिली नाहीत."

काकूंनी हातातली पळी खाली ठेवली. "म्हणजे आता घर सोडायचं ना आपल्याला?"

तेव्हा कुठे काकांनी ती नोटीस भाडेकरू म्हणून वाचली.

अशा प्रसंगी गल्लीत एकाच माणसाकडे जायचं असतं, ते म्हणजे मेहुणे. त्यांचा मेहुणा वकील आहे, असं ते सांगत, म्हणून गल्लीने त्यांचंच नाव मेहुणे ठेवलं होतं. तो वकील कुणी कधी पाहिला नव्हता, पण त्याच्या जोरावर मेहुण्यांनी निम्म्या गल्लीची भांडणं लावून आणि मिटवून दिली होती. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर चढवला आणि कपाळ बडवून घेतलं. चष्मा वाचला, हे नशीब.

"काका! ही पहिली नोटीस मेलेली होती हो! हिच्यात मजला चुकलेला, तारीख नाही, सही नाही. कुठल्याही कोर्टात फेकून दिली असती. तुम्ही तिला औषधपाणी करून उभी केलीत आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलात!"

"पण 'कळवीण्यात' दीर्घ..."

"गेलं खड्ड्यात 'कळवीण्यात'! आता ऐका. भाडेकरूला हक्क असतात. कोर्टाच्या हुकुमाशिवाय तुम्हाला कुणी बाहेर काढू शकत नाही. पाणी तोडता येत नाही, वीज तोडता येत नाही, कुलूप बदलता येत नाही. पण मालक माणूस आहे, करेलही. तुम्ही दोघं बाहेर गेलात की कुलूप बदललंच म्हणून समजा. तेव्हा घर एक क्षणही रिकामं ठेवायचं नाही!"

झालं. त्या दिवसापासून घरात पहारा सुरू झाला. काकू भाजीला गेल्या की काका घरी. काका कामाच्या शोधात निघाले की काकू घरी. दोघं मिळून संध्याकाळी चक्कर मारायचे, ती बंद झाली. काकूंच्या मावसबहिणीकडे साखरपुडा होता, तिथे काकू एकट्या गेल्या आणि 'ह्यांची तब्येत बरी नाही' असं सांगून आल्या. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मावसबहीण तब्येत बघायला घरी आली आणि काकांना दुपारभर अंथरुणात कण्हावं लागलं. एका सकाळी नळाला पाणी आलं नाही. काकांनी तडक 'पाणी तोडणे हे बेकायदेशीर असून' असं खरमरीत पत्र लिहिलं, स्वच्छ प्रत काढली, आणि ते घेऊन खाली उतरतात तो रस्त्यात तात्याच बादली घेऊन टँकरच्या रांगेत उभे. सगळ्या गल्लीचंच पाणी गेलं होतं.

"काका, बादली आणा लवकर, तुमचा नंबर धरतो," तात्या म्हणाले. काकांनी पत्र खिशात घातलं आणि बादली आणली.

शेवटी काकूंनीच त्यांना भाडेकरूंना फुकट सल्ला मिळतो त्या कचेरीत धाडलं. तिथे आधी चुकीच्या खिडकीपुढे उभं राहावं लागलं, मग बरोबर खिडकी उघडेपर्यंत थांबावं लागलं. तोवर काकांनी भिंतीवरच्या सूचनाफलकातल्या चुका मनातल्या मनात सुधारल्या. खिडकीतल्या बाईंनी पहिली नोटीस पाहिली, दुसरी पाहिली, आणि तोंडाला पदर लावून इतकं हसल्या की मागचा शिपाई उठून बघायला आला.

"हसू आलं, माफ करा हं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्ही म्हणता त्या मेहुण्यांनी सांगितलं ते खरंय, हुकुमाशिवाय कुणी काढू शकत नाही तुम्हाला. पण थकलेलं थकलेलंच राहतं ना! जमेल तेवढं भरत चला, प्रत्येक वेळी पावती घ्या, आणि बाकीच्यासाठी हप्ते मागा. तो हक्कच आहे म्हणा ना मागायचा. मालकांशी बोललात?"

"पत्रव्यवहार चालू आहे," काका ताठ मानेने म्हणाले.

"अहो, एका जिन्याचं तर अंतर!"

काका ताठ मानेनेच बाहेर पडले. पण बोलायला जायचं म्हणजे तात्यांसमोर उभं राहून 'माझ्याकडे पैसे नाहीत' असं म्हणायचं. या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती, तरी ते काकांच्या तोंडून फुटेना.

तशात मेहुण्यांनी नवी शक्कल सुचवली. आतून एक जादा, भक्कम कुलूप बसवून घ्या. काकांना पटलं. आता भक्कम कुलूप मिळणार कुठे? जवळपास दुकान एकच.

"कुलूप हवंय," काका तात्यांच्या दुकानात फळीकडे बघत म्हणाले. "दाराला आतून बसवायचं."

"आतून?" तात्या काळजीने पुढे झुकले. "चोराचिलटाची भीती वाटतेय का? सांगायचं नाही का मला! कुणाचा संशय आहे?"

"आहे एक जण," काका पुटपुटले.

"मग हे साधं नको. हे घ्या. याला कुणाच्या बापाला उघडता यायचं नाही. मलासुद्धा नाही!" तात्यांनी अभिमानाने कुलूप काउंटरवर आपटलं. "पैशाचं बघू मागाहून. चला, मीच बसवून देतो. तुमच्या हातून ते नीट बसायचं नाही."

आणि अशा रीतीने, तात्या घरात घुसू नयेत म्हणून आणलेलं कुलूप, तात्यांच्याच दुकानातून, उधारीवर, तात्यांच्याच हातून बसायला लागलं. काका बाजूला स्क्रूची पुडी धरून उभे. आयुष्यात इतकं ओशाळवाणं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं. तात्या स्क्रूचं भोक डोळ्यांनी शोधत नव्हते. करंगळीने चाचपत होते. पेचकस दोनदा घसरला. तिसऱ्यांदा तो बोटात घुसणार, इतक्यात काकांनी त्यांचा हात धरला.

"तात्या, दिसत नाही का तुम्हाला?"

"लांबचं दिसतं हो," तात्या ओशाळून हसले. "जवळचंच धूसर झालंय. सवयीने चालतंय सगळं."

"मग ती नोटीस? कुणाकडून लिहून घेतलीत?"

तात्यांनी पेचकस खाली ठेवला. "मीच लिहिली. तिथे चौकात टायपिस्ट बसतात ना, त्यांच्याकडे गेलो असतो, तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं की काकांचं भाडं थकलंय. तुम्ही असे मानी. तुम्हाला खाली तोंड दाखवायला जागा राहिली नसती. म्हटलं, आपल्याला येईल तसं लिहावं. मेहुणे म्हणाले, नोटीस द्यावीच लागते, नाहीतर भाडेकरू घर बळकावतो."

"मेहुणे?" काकू आतून बाहेर आल्या. "कोण, आपले मेहुणे?"

"तेच. दुसरी प्रत लिहिताना मात्र सोपं गेलं हो. काकांचं अक्षर मोठं, त्यात लाल. ते दिसत होतं मला."

काकांच्या डोळ्यांपुढे तो लाल केलेला कागद उभा राहिला. 'सही राहिली आहे.' 'दुरुस्त प्रत पाठवावी.' धूसर डोळ्यांनी कागदाला नाक लावून लिहिणारा म्हातारा माणूस त्यात त्यांना कुठेच दिसला नव्हता. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ज्या वाक्याची इतके दिवस धास्ती घेतली होती ते आपोआपच तोंडातून निघून गेलं.

"तात्या, माझ्याकडे पैसे नाहीत. काम बंद झालंय. म्हणून भाडं राहिलं. तोंड चुकवत होतो मी तुमचं."

"ते माहीत होतं," तात्या म्हणाले. "वरून पावलं वाजायची बंद झाली ना. माणूस असा चालायला लागला की कळतं." मग त्यांनी अंगातल्या कोपरीच्या खिशातून चुरगळलेला कागद काढला. "मीही थांबलो असतो हो. पण मला पण आलीय. घरपट्टीची नोटीस. जप्तीबिप्ती काहीतरी म्हणतायत. पुढचं वाचताच येत नाही मला."

काकूंनी तिघांसाठी चहा टाकला. काकांनी कागद टेबलावर सपाट केला आणि वाचायला घेतला. एरवी लोक अशी नोटीस 'जप्ती' शब्दापर्यंत वाचतात आणि घाम पुसत बसतात. पण काका पोटापाण्यासाठी तळटीपा वाचलेला माणूस. सगळ्यात खाली, मुंगीच्या अक्षरात, 'लेखी अर्ज केल्यास हप्ते बांधून मिळतील' असं होतं. काकांनी ते मोठ्याने वाचलं. तात्यांनी दोनदा वाचायला लावलं.

अर्ज लिहिला काकांनी. घेऊन गेले दोघं. घरपट्टीच्या कचेरीतला कारकून अर्ज परत करण्यात वाकबगार होता. त्याला कुठे ना कुठे चूक सापडायचीच, आणि चूक सापडली की 'नवीन लिहून आणा.' त्याने काकांचा अर्ज वरून खाली वाचला. खालून वर वाचला. उजेडाकडे धरला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दाखवला. काका मांडीवर हात ठेवून शांत बसले होते. शेवटी हरल्यासारखा चेहरा करून कारकुनाने शिक्का मारला. तात्यांनी बाहेर आल्यावर काकांच्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की काकांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. त्या रांगेतल्या दोघातिघांनी तिथेच काकांना गाठलं. आमचाही अर्ज लिहून द्याल का, काय घ्याल ते सांगा. काकांनी घासाघीस न करता कबूल केलं आणि पहिले मिळालेले पैसे तिथल्या तिथे तात्यांच्या हातावर ठेवले. तात्यांनी ते न मोजता खिशात कोंबले.

"पावती," काका म्हणाले.

"देतो की," तात्या म्हणाले. "आणि बाकीचंही सगळं कागदावर करतो. मेहुण्यांना विचारणार नाही."

पुढच्या रविवारी तात्या वर आले. या वेळी जिन्यात खाकरत आले, आणि कागद बशीखाली न लपवता सरळ टेबलावर ठेवला. स्वतःच्या हाताने लिहिला होता. ओळी डोंगर चढल्यासारख्या वर वर गेल्या होत्या. काकूंनी तो उचलला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'वरच्या मजल्यावरील भाडेकरू यांना कळविण्यात येते की, आधीची नोटीस रद्द समजावी. थकलेले भाडे फेडण्यासाठी त्यांना सहा महिन्यांची मदत...'"

काकू थांबल्या. पुन्हा कागदाकडे बघितलं. "'सहा महिन्यांची मदत देण्यात येत आहे.'"

लिहायचं होतं 'मुदत'. म-खालचा उकार राहून गेला होता. काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला, लाल पेनाला लागला, आणि तिथेच राहिला. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. तात्या अंदाजाने त्यांच्या चेहऱ्याच्या दिशेने बघत होते.

"का हो, थांबलात?" तात्यांनी विचारलं. "चुकलं का काही? चुकलं असेल तर करा तुमच्या त्या लाल पेनाने, संकोच नको. मी परत लिहून आणतो."

काकांनी कागद काकूंच्या हातातून घेतला. नेहमीसारखा चष्मा पुसला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत सगळा मजकूर सावकाश, बोट फिरवत वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी साधं निळं पेन घेतलं आणि भाडेकरूच्या जागी आपली सही केली.

"नाही तात्या," काका म्हणाले. "एकही चूक नाही."